पक्षाघातानंतरचा हात आणि विजेचे साहाय्य

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या मनुष्याच्या घरी चार-सहा महिन्यांनी समाचाराला गेले असता जे चित्र दृष्टीस पडते, ते घरोघर बहुधा सारखेच असते. मनुष्य वाचलेला असतो. वाचा परतलेली असते, निदान परतीच्या वाटेवर असते. एक पाय किंचित ओढत का होईना, पण काठीच्या आधाराने तो ओसरीपासून न्हाणीघरापर्यंत स्वतःच्या बळावर जात-येत असतो, आणि घरची माणसे त्या चालण्याकडे पाहून समाधानाचा निःश्वास टाकत असतात. परंतु त्याच मनुष्याचा एक हात, कोपरात दुमडलेला, मनगटात वळलेला आणि मूठ घट्ट मिटलेला असा, छातीशी पडून असतो. सदऱ्याची गुंडी लावणे, भात कालवणे, कुलपात किल्ली फिरवणे, कागदावर सही करणे, आल्यागेल्यास दोन्ही हात जोडून नमस्कार करणे, ह्या ज्या क्रिया आयुष्यभर विचारही न करता होत आलेल्या असतात, त्या सर्व त्या हाताच्या आवाक्याबाहेर गेलेल्या असतात. पाय आधी सुधारतो आणि हात मागे राहतो, यास कारण आहे. चालण्याचा व्यापार बराचसा मेरुरज्जूतील चेतापेशींच्या जाळ्यांवर आणि मस्तिष्कस्तंभातून उतरणाऱ्या जुन्या मार्गांवर भागू शकतो. पण एकेक बोट स्वतंत्रपणे हलवण्याची विद्या मात्र मेंदूच्या पृष्ठभागावरून निघून थेट मेरुरज्जूपर्यंत पोहोचणाऱ्या तंतूंच्या अधीन आहे, आणि झटक्याचा घाला नेमका त्या तंतूंवर पडलेला असतो. हा मागे राहिलेला हात पुन्हा कामास लावण्यासाठी मेंदूला बाहेरून विजेचे किंवा चुंबकाचे उद्दीपन देण्याचे जे उपाय गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुढे आले, त्यांतून काय साधले आणि काय साधले नाही, हे सामान्य वाचकास कळेल अशा रीतीने सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही अर्धगोलांवर, कानाच्या जरा वरून माथ्यापर्यंत चढत जाणारी एक अरुंद पट्टी आहे. तिला प्रेरक क्षेत्र म्हणतात. शरीराचा एकेक अवयव या पट्टीच्या एकेका भागाच्या अमलाखाली असतो, आणि ही वाटणी अवयवाच्या आकारमानावर नव्हे, तर त्याच्या कौशल्यावर ठरलेली असल्यामुळे एवढ्याशा अंगठ्याच्या वाट्याला सबंध पाठीहून अधिक मुलूख आलेला आहे. येथून आणि आसपासच्या भागांतून निघालेले सुमारे दहा लाख तंतू प्रत्येक बाजूस एकत्र येतात, मेंदूच्या गाभ्यातील एका चिंचोळ्या वाटेने खाली उतरतात, आणि लंबमज्जेत त्यांतील बहुसंख्य तंतू पलीकडच्या बाजूस ओलांडून जातात. म्हणूनच डाव्या मेंदूची रक्तवाहिनी तुंबली असता उजवे अंग लुळे पडते. ती गाभ्यातील वाट इतकी अरुंद आहे, की तेथे दीड-दोन सेंटिमीटरांची जखम झाली तरी अर्धे अंग निकामी होऊ शकते. मोठी रक्तवाहिनी बंद पडली म्हणजे दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकन चेतावैद्याने २००६ साली मांडला. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या मुदतीत द्यावे लागते, आणि धमनीतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपाय निवडक रुग्णांच्या बाबतीत चोवीस तासांपर्यंत करता येतो. या मुदतीत इस्पितळ गाठणे याहून मोठा इलाज आजही दुसरा नाही. तथापि ज्यांची मुदत टळली, किंवा इलाज होऊनही ज्यांचा हात परतला नाही, त्यांची संख्या फार मोठी आहे, आणि पुढील विवेचन त्यांच्यासंबंधी आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यकाची अशी धारणा होती की प्रौढ मनुष्याच्या मेंदूतील मार्ग एकदा ठरले ते ठरले, आणि जी पेशी गेली तिच्याबरोबर तिचे कामही कायमचे गेले. सांतियागो रामोन इ काहाल यांच्यासारख्या अत्यंत थोर शास्त्रज्ञाचे वजन या मताच्या मागे असल्यामुळे त्यास आव्हान देणे सोपे नव्हते. ही धारणा हलवणाऱ्या दाखल्यांपैकी एक, मला नेहमीच विलक्षण वाटत आलेला, असा आहे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात अध्यापन करणारे पेद्रो बाख-इ-रीता हे कॅटलन कवी व विद्वान १९५९ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, पक्षाघाताने आडवे झाले. अर्धे अंग गेले आणि वाचाही गेली. त्यांचा मुलगा जॉर्ज त्या वेळी मेक्सिकोत वैद्यकाचा विद्यार्थी होता. त्याला पुनर्वसनाचे शास्त्र ठाऊक नव्हते, आणि कदाचित त्यामुळेच ते अशक्य आहे हेही ठाऊक नव्हते. त्याने वडिलांना घरी नेले, तान्ह्या मुलाप्रमाणे आधी रांगायला लावले, जमिनीवर गोट्या टाकून त्या लुळ्या हाताने उचलायला लावल्या, आणि भांडी घासण्यासारखी नित्याची कामे तासन्‌तास त्याच हाताने करवून घेतली. काही वर्षांत हे वृद्ध गृहस्थ पुन्हा वर्गात उभे राहून शिकवू लागले. १९६५ साली कोलंबियातील एका पर्वतावर चढत असताना हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले, आणि शवविच्छेदन झाले तेव्हा असे आढळून आले की झटक्याने केलेली मेंदूतील प्रचंड हानी जशीच्या तशी होती. जे तंतू गेले होते ते गेलेच होते, आणि तरीही मनुष्य डोंगर चढत होता. त्यांचे दुसरे चिरंजीव पॉल हे स्वतः चेतावैद्य. या दर्शनाने त्यांच्या संशोधनाची सर्व दिशाच बदलून गेली.

एका मनुष्याचा दाखला म्हणजे सिद्धांत नव्हे. सिद्धांताला लागणारा पुरावा रँडॉल्फ नुडो आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी छोट्या जातीच्या माकडांच्या प्रेरक क्षेत्रातील हाताच्या भागात लहानशी जखम केली, आणि त्यांतील काही माकडांकडून खाचांत ठेवलेले खाद्याचे कण बोटांनी उचलून घेण्याचा सराव रोज करवून घेतला. सराव केलेल्या माकडांच्या मेंदूत हाताचा मुलूख टिकला, इतकेच नव्हे तर पूर्वी कोपर आणि खांदा यांच्या ताब्यात असलेल्या शेजारच्या भागातही तो पसरला. ज्यांना सराव नव्हता, त्यांच्या मेंदूत मात्र जखमेबाहेरचा शाबूत मुलूखही हाताकडून निघून गेला. न वापरलेला हात मेंदूतील आपली जागाही गमावतो, हा यातील दुःखद अर्धा भाग रुग्णाच्या घरच्यांनी फार लक्षात ठेवण्यासारखा आहे. लाडाने आणि दयेने रुग्णाचे प्रत्येक काम आपण उरकून टाकतो, त्या वेळी आपण नकळत त्याच्या मेंदूतून त्या हाताची उरलीसुरली जागाही काढून घेत असतो.

मेंदूची ही फेरमांडणी मुळात होऊ शकते, हे एकदा मान्य झाल्यावर दुसरा प्रश्न ओघानेच आला: ती बाहेरून सुलभ करता येईल काय? मेंदूच्या पृष्ठभागाला वीज लावली असता अंग हलते, ही गोष्ट गुस्टाफ फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी बर्लिन येथे १८७० साली कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवून दिलेली होती. मॉन्ट्रियलचे शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफिल्ड यांनी पुढे, शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला नाजूकपणे विजेचा स्पर्श करीत, मानवी प्रेरक क्षेत्राचा नकाशाच १९३७ साली प्रसिद्ध केला. परंतु कवटी न उघडता आत वीज पोहोचवणे ही वेगळी गोष्ट आहे. लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी १९८० साली कवटीवरून उच्च दाबाचा विजेचा झटका देऊन हात हलवून दाखवला; पण कवटीचे हाड विजेला मोठा अटकाव करते आणि डोक्याची कातडी वेदनेस फार हळवी असते, त्यामुळे तो प्रयोग यशस्वी होऊनही रुग्णांवर सर्रास करण्याजोगा नव्हता.

यातून मार्ग काढला तो शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी, १९८५ साली, आणि तोही मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या नियमाच्याच आधारे. बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या विद्युद्वाहक पदार्थात वीज उत्पन्न करते, हा तो नियम. बार्कर यांनी तांब्याच्या तारेचे एक वेटोळे डोक्यावर धरले आणि त्यातून हजारो अँपिअरचा प्रवाह एका मिलिसेकंदाहूनही कमी काळ सोडला. हाडाला विजेचा अटकाव करता येतो, चुंबकीय क्षेत्राचा येत नाही. ते कातडी आणि कवटी यांतून विनासायास पार होते आणि आत, पृष्ठभागापासून दोनेक सेंटिमीटर खोलीपर्यंत, मेंदूतच सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण करते. खुर्चीत बसलेल्या मनुष्याला टक असा आवाज ऐकू येतो, डोक्यावर टिचकी मारल्याचा भास होतो, आणि पलीकडच्या हाताचा अंगठा त्याच्या इच्छेवाचून उडतो.

पुढे असे आढळून आले की हे ठोके एकामागून एक दिले असता त्यांचा परिणाम उद्दीपन थांबल्यावरही काही काळ टिकतो, आणि तो ठोक्यांच्या गतीवर अवलंबून असतो: सेकंदास एक या मंद गतीने दिलेले ठोके त्या भागाची उत्तेजनक्षमता साधारणपणे उतरवतात, तर सेकंदास पाच-दहा या वेगाने दिलेले ती चढवतात. याच सुमारास, म्हणजे २००० साली, जर्मनीतील गटिंगेन येथे नीत्शे आणि पाउलुस यांनी दाखवले की भिजवलेल्या स्पंजातून डोक्यावर केवळ एक मिलिअँपिअरचा अखंड प्रवाह काही मिनिटे सोडला, तरीही प्रेरक क्षेत्राची क्षमता बदलते. धन टोक वर ठेवले तर वाढते, ऋण ठेवले तर घटते. या दुसऱ्या प्रवाहाने अंगठा उडत नाही; तो पेशीला हुकूम देत नाही, हुकूम ऐकण्याची तिची तयारी तेवढी अधिक-उणी करतो. त्याची यंत्रसामग्रीही स्वस्त आणि हातात मावेल एवढी. मेंदूची क्षमता अशी इच्छेनुसार चढवता-उतरवता येते म्हटल्यावर पक्षाघाताकडे लक्ष वळले नसते तरच नवल.

त्यासाठी एक सुबक उपपत्तीही हाताशी होती. मेंदूचे दोन्ही अर्धगोल एकमेकांना जोडलेले असून एक हात काम करीत असताना त्याच्या पलीकडच्या बाजूचा, म्हणजे त्या हाताला चालवणारा, अर्धगोल दुसऱ्याला आवरून धरतो. निरोगी मनुष्यात हा परस्परांचा धाक समतोल असतो. एका जुवाखाली बांधलेल्या दोन बैलांपैकी एक आजारी पडला म्हणजे धडधाकट बैलाच्या जोराने जू तिरपे होते आणि आजाऱ्याच्या मानेवर अधिकच ओझे पडते, तशीच गत पक्षाघातात होते, असे ही उपपत्ती सांगते: जखमी अर्धगोल दुबळा झाला, म्हणून निरोगी अर्धगोलाचा धाक त्याच्यावर वाजवीपेक्षा जास्त बसतो. लिओनार्डो कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हे मोजून दाखवले, की काही रुग्णांत लुळा हात हलवण्याच्या ऐन क्षणी हा धाक सैल व्हायचा तो होत नाही. उपाय उघड दिसत होता: जखमी बाजूला वेगवान ठोके देऊन चढवावे, अथवा निरोगी बाजूला मंद ठोके देऊन उतरवावे. लहान-लहान प्रयोग झाले, त्यांतील अनेकांत बोटांची शक्ती आणि चपळाई वाढलेली दिसली, आणि वर्तमानपत्रांतून आशेचे मथळे झळकले.

मोठ्या कसोटीत काय झाले, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील बारा केंद्रांत, झटक्यानंतर तीन महिने ते एक वर्ष या अवधीतले १९९ रुग्ण घेऊन एक परीक्षा झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काहींच्या निरोगी अर्धगोलावर सहा आठवडे मंद ठोके देण्यात आले. उरलेल्यांच्या डोक्यावर तसेच दिसणारे आणि तसाच आवाज करणारे लटके वेटोळे धरण्यात आले, जेणेकरून आपल्याला काय मिळते आहे हे रुग्णास कळू नये. ठोक्यांनंतर दोन्ही गटांकडून तासभर हाताचा व्यायाम सारख्याच निष्ठेने करवून घेण्यात आला. हाताची हालचाल मोजण्याची स्वीडनमधील फुगल-मायर यांची एक पद्धत आहे, तिच्यात संपूर्ण निरोगी हाताला ६६ गुण मिळतात. त्यांत सहा महिन्यांनी निदान पाच गुणांची वाढ झालेले रुग्ण खऱ्या उपचाराच्या गटात ६७ टक्के निघाले, आणि लटक्या उपचाराच्या गटात ६५ टक्के. म्हणजे यंत्राचा वेगळा लाभ दिसला नाही. पण हा आकडा निराशेने मिटून ठेवण्याआधी त्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे: झटक्यानंतर कित्येक महिने लोटल्यावर, दोन्ही गटांतील सुमारे दोन-तृतीयांश माणसांचे हात सुधारले, आणि दोन्ही गटांत समान अशी जी गोष्ट होती, ती तासभराचा नेटाचा व्यायाम हीच होती. अखंड प्रवाहाच्या पद्धतीचीही अमेरिकेत अशीच मोठी परीक्षा झाली. दोन आणि चार मिलिअँपिअरचा प्रवाह आणि लटका प्रवाह यांची, निरोगी हात बांधून दुबळ्याकडून काम करून घेण्याच्या व्यायामाच्या जोडीने, तुलना करण्यात आली, आणि तिच्यातही प्रवाहाचे पारडे जड ठरले नाही.

याचा अर्थ चुंबकीय उपचार निरर्थक आहे, असा मात्र नव्हे. युरोपातील तज्ज्ञांच्या मंडळाने २०२० साली सर्व पुरावा तपासून, झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत निरोगी अर्धगोलावर दिलेले मंद ठोके हाताच्या सुधारणेस उपकारक ठरतात, असा अनुकूल अभिप्राय दिला आहे. काळ कोणता, हे येथे निर्णायक दिसते. शिवाय जुवाच्या बैलांची उपपत्ती सर्वांना लागू पडत नाही, हेही आता कळून आले आहे. ज्यांची जखम लहान आहे त्यांच्यात निरोगी अर्धगोलाचा धाक अपायकारक असेलही. पण ज्यांचे एका बाजूचे तंतू जवळजवळ सर्व नष्ट झाले आहेत, त्यांच्यात तोच निरोगी अर्धगोल, न ओलांडता उतरणाऱ्या मोजक्या तंतूंच्या द्वारे, लुळ्या अंगाला जमेल तेवढा आधार देत असतो, आणि त्यालाच मंद ठोक्यांनी गप्प बसवणे म्हणजे उरलेला एकमेव वाली दूर करणे होय. एकच उपचार एकाला तारक आणि दुसऱ्याला मारक, आणि दोघांना एकाच यादीत घालून सरासरी काढली तर बाकी शून्य, असे या शास्त्रात पुष्कळ वेळा झाले असावे.

याहूनही कडवट धडा एका शस्त्रक्रियेने दिला. कवटीत छिद्र पाडून, मेंदूच्या आवरणावर विद्युदग्रांची पट्टी ठेवून, व्यायामाच्या वेळी जखमी प्रेरक क्षेत्राला उद्दीपन देण्याची ती पद्धत होती. प्राण्यांवर ती उत्तम चालली. अमेरिकेत मनुष्यांवर तिची मोठी परीक्षा झाली आणि २००८ साली असे जाहीर झाले की ठरवलेले उद्दिष्ट गाठता आले नाही. तो उद्योग करणारी कंपनीही पुढे गुंडाळली गेली. नंतर तपशील तपासता असे दिसले, की प्राण्यांत ज्या जागी उद्दीपनाने खरोखर अंग हलत असे तीच जागा निवडलेली असे, तर मनुष्यांत अशी हालचाल फार थोड्या रुग्णांत मिळाली होती. मेंदूपासून स्नायूपर्यंतची वाट शाबूत आहे की नाही, हे न पाहताच तिच्या उगमाशी वीज ओतली जात होती.

ही वाट शाबूत आहे काय, हे पाहण्याचे साधन वस्तुतः बार्कर यांच्या वेटोळ्यातच होते, आणि ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर यांनी त्याचा जो उपयोग केला, तो मला या सर्व इतिहासातील सर्वांत समंजस वाटतो. झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांत रुग्णाचा खांदा उचलतो काय आणि बोटे उलगडतात काय, हे आधी पाहायचे. ज्याचे हे होत नाही त्याच्या प्रेरक क्षेत्रावर चुंबकाचा एक ठोका द्यायचा आणि मनगटाच्या स्नायूत विजेची क्षीण का होईना पण लहर उमटते काय, ते यंत्रावर वाचायचे. लहर उमटली, तर वरून निर्जीव दिसणाऱ्या त्या हाताला भवितव्य आहे. येथे उद्दीपन हा उपचार नाही. कोणाकडून काय अपेक्षा करावी आणि कोणावर कोणती मेहनत घ्यावी, याचा तो कौल आहे, आणि पहिल्या आठवड्यात दिशाहीन झालेल्या कुटुंबाला असा खरा कौल मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता ज्या पद्धतीस निश्चित यश आले, तिच्याकडे वळू. ती मेंदूला थेट हात लावतच नाही. मस्तिष्कस्तंभातून निघून मानेतून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची चेता आहे. तिच्यातील बहुसंख्य तंतू शरीराची खबर मेंदूकडे नेणारे आहेत. तिला मानेत उद्दीपन दिले, की मस्तिष्कस्तंभातील काही लहान केंद्रे जागी होतात आणि सबंध मेंदूभर नॉरॲड्रिनॅलिन, ॲसिटिलकोलीन अशी द्रव्ये क्षणभर पसरतात. शिकण्याच्या प्रसंगी, काही महत्त्वाचे घडले असता, मेंदू हीच द्रव्ये स्वतः सोडीत असतो. आताच जे केलेस ते जपून ठेव, अशा स्वरूपाची ती खूण असते. डॅलस येथील मायकेल किलगार्ड यांच्या प्रयोगशाळेने ही खूण कृत्रिम रीतीने, नेमक्या हालचालीच्या क्षणी, उठवण्याची कल्पना उंदरांवर कसोशीने तपासली. त्यात असे दिसले की हालचालीबरोबर दिलेल्या उद्दीपनाने पंजाची शक्ती परतते, पण तेच उद्दीपन व्यायाम आटोपल्यावर दोन तासांनी दिले, तर तेवढा लाभ होत नाही. या एका निरीक्षणात या विषयाचे मर्म साठवलेले आहे, असे मी समजतो. विजेत स्वतःचे असे काही बरे करण्याचे सामर्थ्य नाही. प्रयत्नाच्या क्षणी ती हजर असली, तर त्या प्रयत्नाचा ठसा मात्र ती खोल उमटवते.

ब्रिटन आणि अमेरिका येथील १९ केंद्रांत १०८ रुग्णांवर या पद्धतीची परीक्षा झाली आणि २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे फलित आले. झटका येऊन निदान नऊ महिने आणि काहींना दहा वर्षांपर्यंतचा काळ लोटलेली ही माणसे होती; म्हणजे ज्यांना आता यापुढे काही होणार नाही असे सांगून घरी धाडण्याचा शिरस्ता आहे, तीच. सर्वांच्या छातीत कातडीखाली लहानसे यंत्र आणि मानेत तार बसवली गेली, पण निम्म्यांच्या यंत्रातून व्यायामाच्या वेळी वीज सोडली गेली नाही. रुग्णाने भांडे उचलण्यास, झाकण फिरवण्यास, वस्तू पुढे सरकवण्यास सुरुवात केली की उपचारिका बटण दाबी आणि अर्धा सेकंद, ०.८ मिलिअँपिअर एवढे, उद्दीपन मिळे. एका बैठकीत तीनशेहून अधिक हालचाली होत. सहा आठवड्यांअखेर उद्दीपन मिळालेल्यांचे सरासरी ५ गुण वाढले, न मिळालेल्यांचे २.४, आणि तीन महिन्यांनी जीवनात जाणवेल एवढी सुधारणा पहिल्या गटात ४७ टक्क्यांना, तर दुसऱ्यात २४ टक्क्यांना झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचारास मंजुरी दिली. पाच गुण म्हणजे काही चमत्कार नव्हे. वीणावादक पुन्हा मैफलीस बसत नाही. परंतु मिटलेली मूठ पेला धरण्यापुरती उघडणे आणि बाही आपली आपण चढवणे, याचे मोल ज्याने एका हाताने दिवस काढले आहेत त्यालाच विचारावे.

याच्या पुढचे दोन प्रयत्न अजून बाल्यावस्थेत आहेत. क्लीव्हलँड येथे आंद्रे मशादो यांनी बारा रुग्णांच्या अनुमस्तिष्कातील एका केंद्रात खोल विद्युदग्र बसवून, तेथून प्रमस्तिष्काकडे जाणाऱ्या मार्गाला चेतना दिली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात मध्यक वाढ सात गुणांची होती, आणि ज्यांच्या बोटांत मुळात थोडी हालचाल शिल्लक होती त्यांना लाभ अधिक झाला. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे यावरून अधिक काही म्हणणे रास्त होणार नाही. पिट्सबर्ग येथे त्याच वर्षी दोन स्त्रियांच्या मानेतील मेरुरज्जूवर विद्युदग्रे ठेवण्यात आली, तेथे मात्र तत्त्वच वेगळे होते: मेंदूकडून येणारा क्षीण आदेश खालच्या पेशींना ऐकू यावा, इतपत त्यांना सजग ठेवणे. वीज सुरू होताच हात उघडला, कोपर पुढे गेला. २९ दिवसांनी ती उपकरणे ठरल्याप्रमाणे काढून घेण्यात आली.

आपल्याकडे यातील किती पोहोचणार, हा प्रश्न मला सतावतो. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ खेड्यांतील दोन वर्षांच्या मृत्यूंची नोंद घेतली, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. दर सात मृत्यूंत एक त्याचा, आणि त्यांतील बहुसंख्य माणसे घरीच गेली. मुंबई-पुण्यात चुंबकीय उपचाराची यंत्रे आली आहेत, परंतु तालुक्याच्या गावी हाताच्या व्यायामाचा जाणता मनुष्य मिळणे कठीण, आणि मिळाला तरी आठवड्यातून किती वेळ मिळणार! घरच्या माणसांना शिकवून हे काम करून घ्यावे म्हणून भारतातील १४ इस्पितळांत १२५० रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. २०१७ साली आलेले त्याचे फलित असे, की नेहमीच्या उपचाराहून त्याने अधिक लाभ झाला नाही. कुटुंबाच्या मायेत काही उणे होते, असे यावरून ठरत नाही. उत्तर अमेरिकेतील उपचारकेंद्रांत कॅथरीन लँग यांनी प्रत्यक्ष मोजून २००९ साली दाखवले, की शिकलेल्या उपचारकाच्या देखरेखीखालीही एका बैठकीत हाताच्या उपयुक्त हालचाली सरासरी ३२ च होतात, तर प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या त्या शेकड्यांनी होतात. जिथे शिकलेल्यांकडूनही मात्रा पुरी पडत नाही, तिथे दोन-चार पाठ घेतलेली सून किंवा मुलगा काय पुरा पडणार? मात्रा वाढवली पाहिजे, आणि त्यासाठी तालुक्या-तालुक्यात माणसे नेमली पाहिजेत. यंत्राच्या खरेदीचा ठराव होण्याआधी हा ठराव व्हावा, असे मला मनापासून वाटते.

तोवर, कोणा आप्तासाठी या उद्दीपनाची चौकशी करावयाची झाल्यास काही गोष्टी आधी पक्क्या विचारून घ्याव्यात. डोक्यात धातूची चकती, कानात शस्त्रक्रियेने बसवलेले श्रवणयंत्र किंवा छातीत हृदयाचे पेसमेकर असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे, कारण अशा पुष्कळ रुग्णांना चुंबकीय ठोके देता येत नाहीत. पूर्वी कधी फेफरे आले असल्यास तेही लपवू नये, वेगवान ठोक्यांनी क्वचित फेफरे येऊ शकते. झटका येऊन किती महिने झाले आणि हाताची वाट शाबूत आहे की नाही हे तपासले आहे काय, ठोके कोणत्या अर्धगोलावर आणि का देणार, हे डॉक्टरांना संकोच न धरता विचारावे. आणि यंत्र बंद झाल्यावर लगेच, त्याच खोलीत, कोणता व्यायाम, किती वेळ, कोणाकडून करून घेतला जाणार आहे, याचे उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.